एक ग्रॅम धूळ

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
८ नोव्हेंबर १९९८

प्रिय आशाआत्या,

तुला नमस्कार, पण तो लांबूनच. का ते पुढे कळेल.

पत्र बघून तू रागावशील. नालासोपाऱ्याहून नंदाखाल असं कितीसं लांब, आणि ही पोरगी येऊन बोलायचं सोडून तिकिटं चिकटवत बसलीये. पण समोर बसून मला हे बोलता आलं नसतं. तू सगळं निमूट ऐकून घेतलं असतंस आणि मग दोन दिवस जेवली नसतीस. मी लहानपणापासून बघत आलेय.

भाऊबिजेला तुझ्याकडून परत येताना सुरुचीला रिक्षातच धाप लागली. घर येईपर्यंत ओठ निळे पडले होते. दोन दिवस इस्पितळात होती. सणासुदीला तुला घोर नको म्हणून कळवलं नाही. आता बरी आहे, शाळेत जाते. पण गेल्या दोन वर्षांतल्या चारही मोठ्या झटक्यांच्या तारखा डॉक्टरांनी लिहून घेतल्या, तेव्हा चारही वेळा ती तुझ्याकडे राहून आली होती असं निघालं.

मग मुंबईच्या इस्पितळात तिची तपासणी झाली. हातावर ओळीने थेंब ठेवले, प्रत्येक थेंबावर सुई टोचली आणि पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. धुळीचा, झुरळाचा, बुरशीचा, सगळे थेंब तसेच राहिले. एकाच जागी चार आण्याच्या नाण्याएवढी गांधी उठली. सुरुचीने विचारलं, "आई, हा ठमीचा थेंब आहे का?" सात वर्षांच्या पोरीला कळलं, आपल्याला इतकी वर्षं कळलं नाही.

मला वाटायचं की मांजराच्या केसांनी होतं. तसं नाही. मांजराच्या कातडीतल्या तेलकट ग्रंथींत आणि लाळेत एक प्रथिन असतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, ते सगळं केसांना लागतं, वाळतं आणि त्याची अगदी बारीक भुकटी होऊन उडते. ती इतकी हलकी असते की तासन् तास हवेत तरंगते. भिंतींना चिकटते, गाद्यांत शिरते, कपड्यांवर बसते आणि माणसाबरोबर दुसऱ्या घरी जाते.

म्हणून दोन गोष्टी मागते, आत्या. ठमीला कुणाला तरी देऊन टाक. आणि तोवर तू इकडे येऊ नकोस. तुझ्या साड्यांवरून ते येतं. देवेंद्र तर म्हणाले की आत्यांच्या पत्रावरसुद्धा असणार. तू पत्र पाठव, मी गच्चीत जाऊन वाचीन.

तुझी,
मेघना

---

नंदाखाल
१५ नोव्हेंबर १९९८

चि. मेघना,

अनेक आशीर्वाद. ते कागदावर चिकटून येत नसावेत, म्हणून लिहिते.

पोर दोन दिवस इस्पितळात होती आणि मी इथे चकल्या डब्यात भरत होते. पुन्हा असं लपवशील तर याद राख. माझ्या जिवाला घोर नको म्हणून कुणी माझ्यापासून काही लपवलं की मला त्याचाच घोर लागतो.

आता ठमीचं. तिला या घरात तू आणलंस. बारावीत होतीस, आगाशीच्या बाजारातून दप्तरात घालून आणलंस आणि दप्तरातली वही तिने ओली केली म्हणून तीन दिवस माझ्याशी भांडलीस, जणू ती मीच केली. लग्न झालं तेव्हा तू दोन ट्रंका नेल्यास आणि ठमी ठेवलीस. फ्लॅटमध्ये मांजर नको, असं तुझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं. ती इथेच राहिली. तेरा वर्षांची झाली ती. सकाळी बावखलाच्या काठावर बसून पाण्यातल्या माशांकडे बघते, पकडायचं वय गेलं. दुपारी माझ्या पायांशी निजते. या घरात माझ्या हाकेला ओ देणारं तेवढंच एक आहे.

पण हे सगळं एका पारड्यात आणि सुरुचीचा श्वास दुसऱ्यात, असं असेल तर विचारायचं काय त्यात? तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची, तुझे बाबा बोटीवर. तुला मी वाढवलं ते काय मांजरासाठी तुझ्या पोरीचा जीव धोक्यात घालायला?

हिल्डाबाईंना विचारलंय. आम्ही दोघी एकाच शाळेतून निवृत्त झालो, मुलांवर तिचा आवाज चढायचा आणि मांजरांवर जीव. ती घेते म्हणाली. इथून भुईगाव जवळ आहे, मांजर वाट काढून परत येतं, म्हणून पोत्यात घालून, वाटेत तीन वेळा गोल फिरवून न्यायचं. तसंच करीन.

सुरुचीला सांग, मे महिन्यात आत्याआजीकडे यायचं आहे. मला तेवढं एकच हवं आहे.

आत्या

---

आचोळे
६ डिसेंबर १९९८

प्रिय आत्या,

तुझं पत्र गच्चीत वाचलं आणि रडले. तू ठमीला नेऊन दिल्याचा निरोप आला तेव्हा सुरुचीही रडली. सगळ्यांनाच वाईट वाटतंय, पण दुसरा उपाय नव्हता.

एक मात्र तुला सांगायचं राहिलं. मांजर गेलं म्हणजे ते प्रथिन गेलं असं नाही. डॉक्टर म्हणतात, घरातून ते ओसरायला सहा महिने लागतात. कधी त्याहून जास्त. पण ते मोजता येतं. त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत विनिता नावाची मुलगी आहे, ती घराघरांतली धूळ गोळा करते. धूळ ओढायच्या यंत्राच्या तोंडाला एक गाळणी लावते, गादीचा चौरस मीटर आखून घेते आणि दोन मिनिटं यंत्र फिरवते. ती धूळ चाळून वजन करतात, पाण्यात भिजत घालतात. मग एका प्लॅस्टिकच्या ताटलीत, इडलीच्या साच्यासारखे पण चिमुकले खड्डे असतात, त्यांच्या तळाला त्या प्रथिनालाच तेवढं धरणारं काहीतरी चिकटवलेलं असतं. धुळीचं पाणी त्यात घालायचं. बाकी सगळं धुऊन जातं, ते तेवढं अडकतं. वरून दुसरं औषध घातलं की रंग चढतो. रंग जितका गडद तितकं मांजर जास्त. यंत्र तो रंग वाचून आकडा देतं, एक ग्रॅम धुळीत इतके मायक्रोग्रॅम. एकाच्या खाली असलं तर काळजी नाही, आठाच्या वर गेलं तर सुरुचीसारख्या मुलांना झटका येऊ शकतो.

आमच्या घरची धूळ तिने परवा नेली. गादीत नगण्य निघालं. सोफ्यात दोन. इथे कधी मांजर फिरकलं नाही, आत्या. विनिता म्हणाली, तुम्ही स्वतः जाऊन-येऊन आहात, तुमच्याच कपड्यांवरून आलं असेल. देवेंद्र म्हणाले, आत्या नेहमी बसतात तीच ही जागा. त्यांनी तेवढीच गादी फेकून दिली. मला ते आवडलं नाही.

एप्रिलच्या शेवटी विनिता तुझ्याकडे येईल. तिचा आकडा एकाच्या खाली आला की मी सुरुचीला पंधरा दिवस तुझ्याकडे सोडीन. देवेंद्रनाही ते कबूल आहे. तोपर्यंत मात्र नको ना येऊस.

मेघना

---

नंदाखाल
२६ जानेवारी १९९९

चि. मेघना,

माझ्या बुडाखालची गादी फेकली हे कळलं. जावईबापूंना सांग, नंदाखालच्या घरात ते जिथे बसतात तो पाट मी अजून ठेवला आहे.

ठमी हिल्डाकडे मजेत आहे. तिथे मासळी रोजची, आमच्यासारखं सोमवार-गुरुवार नाही. अंगाने भरली आहे म्हणतात. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

केळी पडायला आली आहेत, वाऱ्याने दोन लोंगर गेले. सुरुचीचा शाळेतला गुणांचा कागद पाठव. तो तुमच्याकडून येणार, म्हणजे निर्धास्त घरात बसून वाचता येईल.

आत्या

---

नंदाखाल
२५ एप्रिल १९९९

चि. मेघना,

काल तुझी विनिता येऊन गेली. पोर गुणाची आहे, पाणी पिऊन पेला विसळून ठेवला.

तिची तारीख कळल्यापासून मी चार दिवस कामाला लागले होते. कुणी परकी मुलगी मुंबईहून येणार, आणि घरात येऊन धूळ बघणार! माझ्या आईला दिवाळीत कुणी वाशावरचं जाळं दाखवलं असतं तर तिने विहीर जवळ केली असती. छत झाडलं, भिंतींना चुना काढला, चादरी उकळल्या, परसात दोरीवर कडक ऊन दिलं. शेजारच्या फर्डिनंडच्या बायकोने विचारलं, लग्न कुणाचं?

विनिताने गादीवर यंत्र फिरवलं, गाळणी उजेडात धरली आणि म्हणाली, "आजी, हिच्यात तर धूळच नाही." पुन्हा फिरवलं, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा कुठे चिमूटभर जमली. मला मेलीला केवढा अभिमान वाटला. गादी जुनीच का म्हणून विचारत होती, मी हो म्हटलं.

आता तुझ्या यंत्राला म्हणावं, काय वाचायचं ते वाच. मी सुरुचीसाठी फणस राखून ठेवला आहे.

आत्या

---

आचोळे
३ मे १९९९

प्रिय आत्या,

शून्य पूर्णांक चार! आकडा हातात आला तेव्हा मी कामावर, पतपेढीतच रडले, शेजारच्या बाईंना वाटलं कुणी गेलं. देवेंद्रनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, आकड्याशी वाद नाही.

शनिवारी सुरुचीला घेऊन येते. दोन तास थांबेन आणि परत निघेन. पंपाचं औषध बरोबर देते, कसं द्यायचं ते दाखवीन. लागणार नाहीच.

तिला मी माझ्या गोधडीचं सांगितलं आहे. आईच्या तीन साड्यांची, तू शिवलेली. आत्याआजीकडे गेलीस की आईची गोधडी मागून घे आणि तिच्यावर निज म्हटलं, मला तिच्याशिवाय झोप यायची नाही. आता ती गोधडी, गोधडी करत घरभर फिरते आहे. आहे ना गं अजून? कसर लागली नाही ना?

मेघना

---

आचोळे
१० जून १९९९

आशाआत्या,

सुरुची नऊ दिवसांनी इस्पितळातून घरी आली. पहिले दोन दिवस ती राहते की नाही याचा भरवसा डॉक्टर देत नव्हते. फर्डिनंडने टेम्पो काढला नसता, तर आज हे पत्र लिहायला मी शुद्धीवर नसते. त्याचे उपकार मी विसरणार नाही. तुझ्याबद्दल काय विसरायचं आणि काय नाही, ते मला कळत नाहीये.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती तुझ्याकडे निजली आणि तासाभरात काळीनिळी पडली. चिमूटभर धुळीत शून्य पूर्णांक चार, आणि पोरीची ही गत. म्हणून ती जिच्यावर निजली होती ती गोधडी आम्ही विनिताकडे दिली. तिने तिच्यातली धूळ काढली. आकडा तुला सांगते. तीनशे दहा. एक ग्रॅममध्ये तीनशे दहा, आत्या. विनिता म्हणाली, इतकं फक्त मांजर जिथे निजतं तिथेच मिळतं.

तरीही मी तुझ्यावर विश्वास ठेवणार होते. म्हणून मी स्वतः भुईगावला गेले. हिल्डाबाई दुबईला मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात. त्यांची सून फ्लॉसी दारात आली. मी ठमीचं विचारलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आमच्याकडे मांजर नाय. कधी होतं?" फेब्रुवारीत लग्न होऊन आलेली बाई, चार महिने त्या घरात राहते, आणि तिने मांजराचं शेपूटही बघितलं नाही. आणि तू मला जानेवारीत लिहितेस, ठमी मजेत आहे, मासळी खाते, भरली आहे!

तू तिला दिलंच नाहीस ना? मशीन यायच्या आधी चार दिवस घर घासलंस ते कशासाठी, ते मला आता कळतंय. मी तुला दोष देत नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण देते. तुला मांजर सोडवलं नाही तर तसं सांगायचं होतं, मी सुरुचीला पाठवलं नसतं, एवढंच झालं असतं.

गोधडी देवेंद्रनी इमारतीच्या मागे जाळली. मी थांबवलं नाही.

मेघना

---

नंदाखाल
२१ जून १९९९

मेघना,

पोर वाचली, एवढ्यासाठी मी देवाचे पाय धरते. बाकी आता जे लिहिते ते एकदाच लिहिते. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांच्या खोट्या सबबी ऐकल्या, त्यामुळे खरी सबब कशी ऐकू येते ते मला माहीत आहे. ती नेहमी खोटीच वाटते.

ठमीला मी एकोणतीस नोव्हेंबरला पोत्यात घालून भुईगावला नेली. तीन वेळा गोल फिरवली. ती पोत्यात ओरडली नाही, याचंच मला जास्त लागलं. सोळा डिसेंबरला ती मेली. तिने तिथे काही खाल्लं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून ती मजेत आहे असं मी लिहिलं. तू माझ्यापासून भाऊबिजेचं लपवलंस तसंच, दुसरं काही नाही. आपल्या घरात प्रेम करायची हीच पद्धत आहे, आणि तिने आपला घात केला.

आता धुळीचं. विनिता येणार म्हणून मी जुनी गादी उसवली, कापूस बावखलाच्या कडेला जाळला आणि आगाशीच्या पिंजाऱ्याकडून नवी भरून घेतली. कापूस नवा, खोळ नवी. ती गादी जुनी का म्हणाली तेव्हा मी हो म्हटलं, कारण घर साफ दिसावं म्हणून गादी बदलली हे परक्या मुलीला सांगायची लाज वाटली. तिने मोजली ती माझी लाज होती, मेघना. घर तिने मोजलंच नाही. धूळ हवी होती म्हणून ती आली आणि मी पाहुणी येणार म्हणून धूळ काढून टाकली. एवढी शिकलेली बाई मी, पण मला हे कळलं नाही.

चार दिवसांत या घरातली एकच वस्तू मी धुतली नाही. तुझी गोधडी. ती पेटाऱ्यात होती. तू पाच वर्षांची असताना मी ती एकदा धुतली होती, तर तू आईचा वास गेला म्हणून दोन दिवस तापाने फणफणलीस. त्यानंतर तिला मी पाणी लावलं नाही. बारावीपासून लग्नापर्यंत ठमी रोज तिच्यातच निजली, तुझ्या पोटाशी. तू गेल्यावर मी ती घडी करून ठेवली. सुरुचीने मागितली, तुझ्या नावाने मागितली, मी काढून दिली.

तीनशे दहा हा आकडा खरा असेल. पण तो किती ते सांगतो, कधीचं ते सांगत नाही. विनिताला विचार, मी खोटं सांगते का.

ती जाळलीत. तुझ्या आईचं या जगात तेवढंच उरलं होतं.

आता या घरात काही नाही. मांजर नाही, जुनी गादी नाही, गोधडी नाही. तुझ्या डॉक्टरांचे सहा महिने मी आजपासून पुन्हा मोजते. कधीही मोजायला पाठव, या वेळी मी केरसुणीला हात लावणार नाही.

आत्या

---

आचोळे
१२ मार्च २०००

प्रिय आत्या,

कुठून सुरुवात करू कळत नाही.

गेल्या रविवारी वसईच्या बाजारात हिल्डाबाई भेटल्या. दुबईहून नाताळाला आल्या. मी नजर चुकवून निघाले होते, त्यांनीच हात धरला. तुझी चौकशी केली आणि मग आपणहून ठमीचं काढलं. म्हणाल्या, "पंधरा दिवस दारात बसून होती गं, नंदाखालच्या वाटेकडे तोंड करून. मासळी ठेवली की वास घ्यायची नि उठून जायची. शेवटी तुझ्या आत्याला निरोप धाडला. ती आली, रात्रभर मांडीवर घेऊन बसली. आम्ही दोघींनी तिला नारळीखाली पुरली."

मी पिशवी तशीच रिकामी घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी विनिताला भेटले. तिला सगळं सांगितलं, नवी गादी, पेटारा, सगळं. तिने वही काढून दोन्ही आकडे पुन्हा बघितले. म्हणाली, बंद पेटीतल्या कापडात ते वर्षानुवर्षं राहू शकतं, आणि त्याचं वय सांगणारं यंत्र आमच्याकडे नाही. हेच तू जूनमध्ये लिहिलं होतंस, जवळजवळ याच शब्दांत. ते पत्र मी गच्चीत उभ्या उभ्या वाचलं आणि तिथेच फाडून टाकलं. देवेंद्रना दाखवलंसुद्धा नाही. पण त्याआधी अर्ध्यावर मला वाटलं होतं की हे खरं आहे. खरं असेल तर गोधडी मागायला मीच सांगितलं होतं, हेही खरं ठरलं असतं. ते मला पेललं नसतं, आत्या. तुला खोटी ठरवणं सोपं होतं.

नऊ महिने मी तुला खोटी ठरवून राहिले. माफ कर असं लिहायचीही लाज वाटते, पण लिहिते. माफ कर.

सुरुची आता बरी असते. रोज औषध चालू आहे. कधीतरी विचारते, आत्याआजी माझ्यावर रागावली आहे का? मी काय सांगू?

मी विनिताशी बोलले आहे. ती पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येईल, सगळीकडची धूळ नेईल. ठमी जाऊन वर्ष उलटून गेलं, आकडा खाली असणारच. देवेंद्रही तयार आहेत, मी त्यांना तयार केलं आहे. या मे महिन्यात सुरुचीला मी घेऊन येते. या वेळी मीही पंधरा दिवस राहीन. एका ओळीत हो म्हण.

तुझीच,
मेघना

---

नंदाखाल
१८ मार्च २०००

चि. मेघना,

आशीर्वाद. सुरुचीला सांग, आत्याआजी तिच्यावर कधी रागावली नव्हती. पहिल्यांदा हे सांग, मग पुढचं वाच.

जूनमध्ये तुला पत्र टाकलं आणि मी मोजायला लागले. रोज पोस्टमनची सायकल फर्डिनंडच्या वळणावर दिसली की मी ओटीवर यायचे, आणि तो मान हलवायचा. पुढे पुढे तो लांबूनच मान हलवायला लागला, मला ओटीवर यायचे कष्ट नकोत म्हणून. श्रावणात परसातून दोन मांजरं यायची, मी काठी घेऊन हाकलली. गणपतीत शेजारच्या रेजिनाने पिल्लू आणून दाखवलं, मी तिला उंबऱ्याबाहेर उभी केली. दिवाळीला फराळ केला नाही. केर काढायचा नाही असं तुला कबूल केलं होतं, पण मोजायला कुणी येईना, मग कधीतरी काढला.

डिसेंबरमध्ये सहा महिने भरले. तुझ्या डॉक्टरांच्या हिशेबाने या घरात तेव्हा मांजराचं काही उरलं नव्हतं. माणसाचंही फारसं नव्हतं. मी जानेवारीही थांबले. डॉक्टर म्हणाले होते ना, कधी जास्त लागतात.

चार फेब्रुवारीला सकाळी बावखलाच्या पायरीवर एक पिल्लू बसलं होतं, काळंपांढरं, एका डोळ्याने मिचमिचं. मी काठी घ्यायला आत गेले आणि काठी हातात घेऊन तिथेच बसले. कुणासाठी हाकलतेय, असं मला वाटलं. मग वाटीत दूध घेऊन बाहेर आले.

तुझं पत्र सहा आठवडे आधी आलं असतं, तर तुझ्या विनिताला या घरात खरंच काही सापडलं नसतं.

तुला वाटेल, आत्या हिलाही देऊन टाकील आणि पुन्हा सहा महिने मोजील. एकदा पोतं हातात धरलं, ते या हातांना पुन्हा जमणार नाही. तुला मी माफ केलं आहे. ते मी तुझ्या आईला तुला सांभाळायचा शब्द दिला होता तेव्हाच, आगाऊच केलं होतं. पण या मे महिन्यात तुम्ही येऊ नका. सुरुचीने या घराची पायरी चढू नये. हे मी तिच्या श्वासासाठी लिहिते आहे, रागाने नाही. थोडं रागानेही आहे, ते आता तुझ्यापासून कशाला लपवू?

विनिताला पाठवू नकोस. मला आकडा माहीत आहे.

आणि हे पत्र घरात उघडलं असशील तर तशीच गच्चीत जा, हात धू, मगच पोरीजवळ जा. लिहिताना पिल्लू कागदावर बसलं होतं, मी त्याला उठवलं नाही.

आत्या